घणाचा दुसरा आवाज

यातलं जे मी डोळ्यांनी पाहिलं, ते पाहिलं म्हणून लिहितेय. जे ऐकलं, ते ऐकलं म्हणून. एक शब्द पदरचा नाही.

मी ओश शहरातल्या एका वर्तमानपत्रात बातमीदार आहे. दरडी, पूर, अपघात. संध्याकाळच्या आत मजकूर द्यायचा असतो. त्यामुळे रंग भरायला वेळ मिळत नाही आणि तशी सवयही नाही. गावाचं नाव मात्र बदललंय, कारण ती माणसं अजून त्याच दरीत राहतात. आपण त्याला कारा-बेल म्हणू.

आणखी एक. असलं काही रात्री घडतं, असं सगळे सांगतात.

हे दुपारी घडलं.

एप्रिलमधला गुरुवार होता. वरचा बर्फ वितळत होता. जमीन पाणी पिऊन फुगली होती. आणि सकाळपासून धुकं इतकं दाट, की थोड्या अंतरावरचा माणूसही नुसता सावलीसारखा दिसायचा.

सिर्गा माझ्या मावशीची मुलगी. मला एजे म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. राजधानीत, बिश्केकला इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी होती. जूनमध्ये तिला प्रबंध सादर करायचा होता. विषय असा : कारा-बेलच्या उतारावरची जी माती घसरतेय, ती किती खोलवर सुटलीय?

ऐकायला कोरडं वाटतं. पण त्या उताराखाली घरं होती. सुटलेला थर वरवरचा असेल, तर ती राहू शकत होती. खोल असेल, तर सगळ्यांना उठावं लागणार होतं. कुणीच उठायला तयार नव्हतं आणि सरकारी साहेब म्हणाले होते, आधी आकडे आणा.

मी बातमीसाठी गेले होते. म्हणजे कार्यालयात तसं सांगितलं होतं. खरं तर मावशीनं पाठवलं होतं. "पोरगी धड जेवत नाही, फोन उचलत नाही. बघून ये."

काम दिसायला साधं होतं. उतारावर एका रांगेत लोखंडी खुंट्या ठोकायच्या. प्रत्येक खुंटीवर एक डबी, जमिनीची थरथर टिपणारी. सिर्गा त्यांना कान म्हणायची. सगळ्या कानांची वायर लॅपटॉपपर्यंत. रांगेच्या खालच्या टोकाला जाड लोखंडी पत्रा ठेवायचा आणि त्यावर घण हाणायचा. ठोका जमिनीत शिरतो, खालच्या थरांवर आपटून वर येतो, कान तो ऐकतात. घण पडला की यंत्र आपोआप नोंद घेतं.

घण हाणायला गावातला एर्गेश अका होता. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा, तोंड अखंड चालू. थोरला भाऊ म्हणून सगळं गाव त्याला अकाच म्हणायचं.

"पत्रकारबाई, लिहून घे," तो मला म्हणाला. "एवढी वर्षं शिकून पोरगी डोंगराला ठोकायला आली. आमच्याकडे हे काम गाढवाला सांगतात."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं, अका," सिर्गा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

तो पोट धरून हसला.

रांगेचं वरचं टोक एका कुंपणापाशी संपत होतं. कुंपणाच्या आत काही नव्हतं. नुसतं गवत.

तिथे एर्गेश अकाच्या धाकट्या भावाचं घर होतं. तुराट त्याचं नाव. तीस वर्षांपूर्वी, अशाच एका एप्रिलमध्ये, उतार खाली आला. घर, तुराट, त्याची बायको, सगळं आत गेलं. माती इतकी होती, की उकरणं शक्य नव्हतं. मुल्लानं वरूनच दुवा मागितली. कुंपण घातलं. त्यालाच कबर म्हटलं.

शेजारचं अर्धं घर तेवढं वाचलं. ते एर्गेश अकाचं होतं. नंतर तो उताराच्या पायथ्याशी राहायला आला, पण दरी सोडून गेला नाही.

त्या दिवशी गुरुवार, म्हणून त्याची बायको रायखान खाली अंगणात, रिवाजाप्रमाणे वारलेल्या माणसांच्या नावानं तेल तापवून कणकेचे बोरसोक तळत होती. तो वास धुक्यातून वर येत होता.

"थांबा!" सिर्गानं हात वर केला.

या कामात तो हात म्हणजे हुकूम. तो वर असेपर्यंत कुणी हलायचं नाही. पाय सरकवला तरी कानांना कळतं आणि नोंद खराब होते.

"मारा!"

धाड्.

मग शांतता. हात खाली आला की श्वास सोडायचा.

काही ठोके झाले आणि सिर्गा स्क्रीनजवळ वाकली.

"काय गं?"

"काही नाही. घाण आहे."

तिनं मला दाखवलं. प्रत्येक कानाची एक आडवी रेघ. घण पडला की रेघांवर एक मोठी उसळी उठायची. मग रेघा शांत व्हायच्या.

आणि मग… जरा वेळानं… अजून एक उसळी.

लहानशी.

"गाय असेल," मी म्हणाले. "नाहीतर खाली रस्त्यावरचा ट्रक."

"असेल. ठोके वाढवले की जाईल."

हे मला तिनंच समजावलं. एकाच जागी पुन्हा पुन्हा ठोकायचं आणि सगळ्या नोंदी एकीवर एक रचायच्या. वारा, गुरं, गाड्या दर वेळी वेगळ्या क्षणी येतात, म्हणून रचता रचता एकमेकांना खाऊन टाकतात. जमिनीत खरोखर जे आहे, तेच तेवढं उरतं.

"अका, अजून मारा."

"मजुरीत मटणाचा शोर्पो धरलाय का?"

"मारा हो!"

धाड्. धाड्. प्रत्येक ठोक्यानंतर वर उठलेला हात आणि धुक्यातली शांतता.

तिनं नोंदी रचल्या. वारा गेला. गुरं गेली. रेघा स्वच्छ झाल्या.

ती लहान उसळी…

गेली नव्हती. वाढली होती.

सिर्गानं प्रत्येक रेघेवर बोट टेकवून वेळ वाचली. मग हळूच म्हणाली, "एजे, हे दर वेळी ठोक्यानंतर तेवढ्याच वेळानं येतंय."

"मग प्रतिध्वनीच तो."

"तसंच वाटतंय." ती थांबली. "पण बघ ना. ज्या कानाला आधी ऐकू येतं, आवाज त्याच्या जवळचा. हा सगळ्यात वरच्या कानाला आधी आलाय."

सगळ्यात वरचा कान म्हणजे कुंपण.

दोघींनी एर्गेश अकाकडे पाहिलं. तो घणाला टेकून तंबाखू जिभेखाली ठेवत होता.

सिर्गानं मग, शिकवलं होतं तसंच केलं. शंका आली की कोरी नोंद घ्यायची. घण मारायचा नाही, कुणी हलायचं नाही, नुसतं ऐकायचं. यंत्रात बिघाड असेल किंवा जमिनीत दुसरं काही धडधडत असेल, तर ते कोऱ्या नोंदीत सापडतं.

तिनं हात वर केला. आम्ही तिघंही उभे राहिलो. खालून कढईचा चुरचुर आवाज येत होता, तोही थांबला.

रेघा सरळ राहिल्या.

कोरी नोंद खरोखर कोरी निघाली.

मला हायसं वाटलं. सिर्गाचा चेहरा मात्र उतरला.

"काय झालं? काही नाहीये ना?"

"तेच तर," ती म्हणाली. "आपण मारलं तरच येतंय ते. नाहीतर गप्प बसतंय."

ती पुन्हा "मारा" म्हणाली, तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. मला वाटतं तिथे थांबायला हवं होतं. पण ज्यांना आकडे हवे असतात, त्यांना अजून एक ठोका हवाच असतो.

धाड्.

उसळी आली. या वेळी वरच्या कानाला आधी नाही…

मधल्या कानाला.

धाड्.

त्याच्याही खालच्या.

"प्रतिध्वनी असा सरकतो का गं?"

"ज्या भिंतीवरून आवाज परत येतो, ती भिंत चालत नाही, एजे."

एव्हाना एर्गेश अका कंटाळला होता. घण खांद्यावर टाकून तो आमच्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला ओल्या लोकरीचा वास येत होता.

"काय कुजबुजताय? माझा ठोका चुकला का?"

"नाही अका, तुम्ही जा, आम्ही…"

त्यानं बोट स्क्रीनवर टेकवलं. मोठ्या उसळीवर.

"हा मी."

बोट सरकलं.

"मग हा कोण?"

सिर्गानं नजर माझ्याकडे वळवली.

त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं. मग कुंपणाच्या दिशेला, जिथे धुक्यात काहीच दिसत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पुसल्यासारखी गेली. त्यानं कुणाची परवानगी मागितली नाही. पत्र्यापाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाला,

"आमच्या दोन घरांत भिंत एकच होती. चुलीवर चहा कुणाच्या आधी होतो त्यावर भांडायचो आम्ही. मी भिंतीवर दोन ठोके द्यायचो. चहा झाला असेल, तर तुराट एक द्यायचा. म्हणजे ये."

"अका, थांबा," सिर्गा म्हणाली.

धाड्. धाड्.

तिचा हात वर नव्हता, तरी कुणी हललं नाही.

मी स्क्रीनकडे पाहत होते. दोन मोठ्या उसळ्या. मग सरळ रेघा…

मग…

एक.

एकच. सगळ्यात खालच्या कानाला आधी. म्हणजे पत्र्याजवळ. त्याच्या पायांखाली.

"आला?" एर्गेश अकानं मागे न पाहता विचारलं.

मी सिर्गाकडे वळले. ती स्क्रीन बघतच नव्हती. ती खुंट्यांच्या रांगेकडे बघत होती. धुकं जरासं फाटलं होतं. सकाळी तिनं दोरी ताणून खुंट्या ठोकल्या होत्या, आखल्यासारख्या सरळ. आता रांगेचा मधला भाग खाली झुकला होता.

धनुष्यासारखा.

जमीन आमच्यासकट निघाली होती आणि आम्हाला कळलं नव्हतं.

"पोरी, आला का?"

त्याच्या आवाजात जे होतं, ते मला लिहिता येत नाही. एवढंच सांगते, की तिनं हो म्हटलं असतं तर तो माणूस तिथून हलला नसता. आणि तो हलला नसता, तर रायखान हलली नसती, आणि तिच्या मागे अर्धं गाव.

सिर्गानं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली ओढलं.

"दोन आले, अका," ती म्हणाली. "तुमचेच दोन परत आले. प्रतिध्वनी आहे."

तो वळला. तिच्याकडे पाहत राहिला.

"नक्की?"

"माझं शिक्षणच त्यात झालंय."

त्यानं मान हलवली. घण हळूच गवतात ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"बरं," तो म्हणाला. "तू शिकलेली आहेस."

त्यानंतरचं बातमीत आलंय. सिर्गा धावत खाली गेली. घरोघर ओरडत फिरली. "जमीन चाललीय, उठा!" काहींनी शिव्या दिल्या. रायखाननं कढई तशीच सोडली आणि एर्गेश अकाला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" तो म्हणाला, "पोरगी सांगतेय तर चल." तेवढ्यावर माणसं बाहेर पडायला लागली. गाड्या आल्या. गुरं हाकलली. अंधार पडायच्या आत सगळे नदीपलीकडे होते.

फक्त एर्गेश अका मागे राहिला होता.

रायखान पुलावर उभी राहून नवऱ्याला शिव्या देत होती आणि रडत होती. बऱ्याच वेळानं तो धुक्यातून आला. एका हातात घण. दुसऱ्या काखेत सिर्गाचा लॅपटॉप, जो आम्ही घाईत वरच विसरलो होतो.

"मूर्खा, घणासाठी मेला असतास!"

"उसना आणलाय, रायखान. परत द्यायला नको?"

सगळे हसले. मीही हसले.

उजाडताना उतार खाली आला. मोठा आवाज झालाच नाही. कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटलं, एवढंच. घरं, कुंपण, खुंट्या, सगळं गेलं. मी त्याच दिवशी मजकूर दिला. जीवितहानी नाही, असं मथळ्यात होतं.

सिर्गाला जूनमध्ये पदवी मिळाली. परीक्षकांनी कौतुक केलं. एकानं विचारलं, शेवटच्या काही नोंदी प्रबंधात का नाहीत? ती म्हणाली, गोंगाट होता. आता ती ओशमधल्या एका शाळेत गणित शिकवते. दरडींचं काम करत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "एजे, गोंगाट रचला की जातो. त्या शेवटच्या नोंदी मी रोज रचून बघायचे."

आणि वह्या तपासायला घेतल्या तिनं.

शरद ऋतूत नदीपलीकडे नवी घरं उभी राहिली. एर्गेश अकानं मेंढी कापली, सगळ्यांना जेवायला बोलावलं. सिर्गा आली नाही. मी गेले. जेवण झालं, दुवा झाली, माणसं उठली. तो माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला.

"पत्रकारबाई, एक विचारू? तू त्या दिवशी तिथेच होतीस."

"विचारा ना."

"मी घण आणायला परत गेलो होतो, आठवतंय? यंत्र चालूच होतं. म्हटलं, जाता जाता सांगावं. तुराट, आम्ही जातोय, असं म्हटलं आणि एक ठोका मारला." तो जरा थांबला. "तुमच्या त्या पडद्यावर माझा ठोका उमटला. मी किती तरी वेळ बघत बसलो. मागून काहीच आलं नाही."

मी गाडीची किल्ली शोधत राहिले.

"प्रतिध्वनी असता," तो म्हणाला, "तर तो आला असता ना?"

मला हो म्हणता आलं नाही आणि नाहीही. किल्ली हातात आली, तरी मी गाडीचं दार उघडलं नाही.

तेवढ्यावरून त्याला हवं ते कळलं असावं.

"बरं," तो म्हणाला. अगदी त्या दिवशीसारखं नाही. हलकं होऊन. "जा नीट. रस्त्यात गुरं असतात."

पुढचं ऐकलेलं आहे. म्हणजे फोनवर ऐकलेलं.

बर्फ पडायच्या आधी एकदा सकाळी रायखानचा फोन आला. मी कार्यालयात निघाले होते.

"हे रोज तिकडे जातात गं. नदी ओलांडून, त्या मातीवर. दुपारपर्यंत येत नाहीत."

"काय करतात तिथे?"

"घण घेऊन जातात. नवीन आणलाय." ती हसल्यासारखं बोलत होती, पण हसत नव्हती. "मी म्हटलं, माती पुन्हा येईल अंगावर. तर म्हणतात, चहाच्या वेळेपर्यंत येतो. घरात चहा पीत नाहीत हल्ली. घोटभरही नाही."

"तू अडवत का नाहीस?"

"अडवलं. ऐकत नाहीत. आणि…"

"आणि काय?"

"इथून ऐकू येतं. खिडकीत उभं राहिलं की. पण आवाज दोन येतात. एक जोराचा आणि एक हलका. समोर डोंगर आहे, म्हणून घुमत असेल ना? तू शिकलेल्या लोकांत असतेस. थांब, ऐक तूच."

खिडकी उघडल्याचा आवाज आला. वारा. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग तेही गप्प झालं.

मी फोन कानाला घट्ट धरला.

ठक्.

…

धाड्.

"ऐकलंस?" रायखान लांबून म्हणाली. "प्रतिध्वनीच ना?"

मी पुन्हा ऐकलं. चूक नको म्हणून. त्यानंतरही पुन्हा.

ठक्…

धाड्.

हलका आवाज आधी येत होता.